झुंबरमावशीचं बोट

झुंबरमावशी कामावर आली की सगळ्यात आधी हात धुते. कोपरापर्यंत साबण, नखांतून नारळाची शेंडी, मग पुन्हा नुसतं पाणी. पदराला न पुसता हात तसेच वर धरून वाळवते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही बाई ऑपरेशन करायला निघाली आहे. निघाली होती ती अख्ख्या शहराच्या मोरीच्या पाण्याकडे.

मी तेव्हा नवी होते. कोल्हापूरच्या एका कडेला सांडपाणी स्वच्छ करणारा प्रकल्प आहे, तिथं केमिस्ट म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. एम.एस्सी.चं प्रमाणपत्र ताजं होतं आणि नाक त्याहून वर. झाडलोट करणारी बाई रोज एवढे हात का धुते, हे विचारावंसं मला वाटलं नाही. विचारलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

मावशी गडमुडशिंगीची. रोज सकाळी बसनं येते, हातात डब्याची पिशवी. वय कागदावर बावन्न, तिच्या मते पन्नास, आणि थोरल्या लेकाच्या वयावरून धरलं तर अठ्ठावन्नच्या पुढे. भांडखोर आहे, कानानं तिखट आहे, आणि दुसऱ्याच्या डब्यात काय आहे हे झाकण उघडायच्या आत सांगते. कमरेला मिशरीची डबी. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावायची म्हणून बायका सुरू करतात आणि मग ती सुटत नाही. मावशीच्या डाव्या हाताचं पहिलं बोट त्या मिशरीनं तपकिरी झालेलं होतं. ते ती पदराखाली लपवायची आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

पगार झाडलोटीचा असला तरी मावशीचं खरं काम वेगळं होतं. ती डीओ प्रोब सांभाळायची.

हे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे सांडपाण्यात हवा सोडायची एक मोठी टाकी आहे. शहराची घाण त्या टाकीतले जिवाणू खातात. आम्ही माणसं त्यांना फक्त श्वास पुरवतो. तळातून ब्लोअर हवा सोडतो, आणि पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते हा हातभर लांबीचा प्रोब सांगतो. आकडा दोनच्या आसपास हवा, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम. खाली आला की ब्लोअर आपोआप जोर धरतो, वर गेला की मंदावतो. म्हणजे टाकीतल्या सगळ्यांचा जीव त्या प्रोबच्या शब्दावर. त्याच्या टोकाला रुपयाएवढी टोपी असते. आतून तिच्यावर निळा उजेड पडतो, टोपीवरचा थर त्याला तांबड्या उजेडानं उत्तर देतो आणि त्या उत्तरावरून ऑक्सिजन मोजला जातो. टोपीवर बुळबुळीत चिकटा बसला की प्रोब खोटं बोलायला लागतो. चिकटा काढायला म्हणून जोरानं घासलं तर थरच निघून येतो.

मावशीच्या भाषेत प्रोब म्हणजे कांडी, टाकी म्हणजे गोठा आणि जिवाणू म्हणजे जितराबं. तिच्याकडे ही कांडी कशी आली ते मला आकारामनं सांगितलं. आकाराम आमचा ऑपरेटर, मूळचा चंदगडचा, स्वभावानं गरीब आणि हातानं दांडगा. तीन वर्षांपूर्वी तो भांड्याच्या तारेच्या घासणीनं ती टोपी घासत बसला होता. मावशी खराटा टाकून त्याच्याजवळ गेली.

"आचळ आसं घासत्यात व्हय रं? म्हस लाथ घालंल की तुला."

तिनं त्याच्या हातातून कांडी काढून घेतली, पिशवीतून जुन्या साडीचं मऊ फडकं काढलं, ओलं केलं आणि म्हशीचं आचळ धार काढायच्या आधी जसं पुसतात तशी टोपी पुसली. त्या वर्षी घासून घासून दोन टोप्या कामातून गेल्या होत्या. आमचे प्लांट मॅनेजर उदयसिंह सर लांबून बघत होते. त्यांचा आवाज असा की ब्लोअर बंद असला तरी चालू आहे असं वाटावं. पण त्या दिवशी ते हळू बोलले म्हणे. म्हणाले, "झुंबरबाई, आजपासनं हे तुमच्याकडं."

दर मंगळवारी आणि शनिवारी मावशी प्रोब वर काढायची. साध्या पाण्याची धार, मग फडकं, बोटाच्या पुढच्या पेरानं, नख न लावता. हाताचं तेल, तंबाखू टोपीला लागू नये म्हणूनच ते कोपरापर्यंतचं हात धुणं, हे मला फार उशिरा कळलं. मग कॅलिब्रेशन, म्हणजे प्रोबचा आकडा पडताळून खरा करून घेणं. त्यासाठी बादलीच्या तळाशी थोडं पाणी, वर ओलं कापड, आणि प्रोब पाण्याला न टेकता आत टांगलेला. ओल्या हवेत प्रोबनं शंभर टक्के दाखवायला हवं. बादली करंजाच्या सावलीतच ठेवायची, उन्हात नाही. टोपीवर पाण्याचा थेंब राहिला तर तो टिपून घ्यायचा. मग दहा-पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही.

"तिचा घाम वाळू दे," मावशी म्हणायची. "पळत आलेल्या माणसाला लगीच इचारत्यात व्हय, कसा हाईस म्हणून?"

मग मी बटण दाबायचे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून हवेचा दाब प्रोबचा आकडा दाखवणाऱ्या मीटरला आधी सांगावा लागतो; तेवढं माझं काम. महिन्यातून एकदा सल्फाइट टाकून ऑक्सिजन मारलेल्या पाण्यात प्रोब बुडवायचा, तिथं शून्य यायला हवं. त्याला मावशी मेलेलं पाणी म्हणते. मेलेल्या पाण्यात शून्य आणि ओल्या वाऱ्यात शंभर, एवढं आलं की कांडी खरी. आकडे तिला वाचता येतात. दूध संस्थेत रोज दूध घालणाऱ्या बाईला फॅटचा आकडा वाचता आला नाही तर कसं चालेल? एकदा संस्थेत तिच्या म्हशीची फॅट सलग कमी लागत होती. मावशीनं गाऱ्हाणं नाही केलं. तिनं भर सकाळी रांग थांबवून ते मशीन सगळ्यांसमोर धुवायला लावलं आणि तेच दूध पुन्हा लावायला लावलं. आकडा वर आला.

"माझा मशीनवर लई इस्वास हाय म्याडम," ती मला म्हणाली होती. "पर धुतलेल्या."

आता खंडेनवमीचं सांगते, आणि ते सांगताना मला अजूनही माझी लाज वाटते.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करायचे. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा म्हणजे सणाहून मोठा सण. वडील हळद तेलात कालवायचे, म्हणजे ती लोखंडाला धरते, आणि लेथच्या चकच्या, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्याच्या, अगदी तोंडावर बोटं ओढायचे. जिथं काम होतं तिथंच पूजा, हे मी लहानपणापासून बघत आलेले. प्रकल्पावरची ती माझी पहिली खंडेनवमी होती. सरांनी पूजा माझ्याकडे दिली. मावशी नव्हती; आदल्या दिवशी, मंगळवारी, तिनं कांडी धुतली, माझ्याकडून बटण दाबून घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीनं चंदगडला बहिणीकडे गेली.

मी पंप पुजले, ब्लोअर पुजला, प्रयोगशाळेतला तराजू पुजला. मग मनात आलं, इथलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तर पाण्यात आहे. प्रोब वर काढला. तेलातली हळद त्याच्या टोपीवर दोन बोटांनी ओढली, वर कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले आणि प्रोब पुन्हा टाकीत सोडला. मनापासून केलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्याला जोडून मी शुक्रवारची रजा घेतली. शनिवारी सकाळी कामावर पोचले तर मावशी फाटकातच उभी, हातात चंदगडच्या काजूची पिशवी. आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली, "गोठ्यात वारं कमी पडलंय."

टाकी चांगली असली की तिला ओल्या मातीसारखा वास येतो आणि रंग चहासारखा तपकिरी असतो. त्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास होता आणि पाणी काळपट. मीटर मात्र चार दाखवत होता, म्हणजे हवेची चैन आहे असं. तीन दिवस ब्लोअर हळू चालला म्हणून आकाराम खुशीत होता, कान शांत राहिले म्हणाला. मी बाटलीत नमुना घेऊन रसायनांनी तपासला. लिटरमागे पाव मिलिग्रॅमसुद्धा ऑक्सिजन नव्हता. टाकीतले जीव तीन दिवस गुदमरत होते.

प्रोब वर काढला. सर आले होते. चिकट्याखाली टोपीवर तपकिरी-पिवळट डाग होता, बोट फिरवल्यासारखा. फडक्यानं पुसला, निघेना. सर डागाकडे बघत राहिले, मग त्यांनी मावशीच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"झुंबरबाई, मिशरीचं बोट लावलंसा व्हय ह्याला?"

मावशीनं बोट पदराखालून काढलं आणि स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली. ही बाई उत्तर द्यायला कधी थांबत नाही. त्या दिवशी तिनं ते बोट मुठीत मिटून घेतलं.

प्रोब माझ्या हातात होता. टोपीच्या कडेच्या खाचेत मला एक लाल ठिपका दिसला, मोहरीहून बारीक. कुंकू. महिनाअखेरीला माझं कायम होण्याचं पत्र यायचं होतं. मी तो ठिपका अंगठ्यानं पुसून टाकला.

ठरवून काही केलं नाही मी. अंगठा आपला पुढे गेला. पण गेला तो माझाच.

पुढे जे व्हायचं ते झालं. खराब पाणी बाहेर गेल्याबद्दल वरून नोटीस आली. ब्लोअर हातानं पुऱ्या जोरात चालवून आठवड्याभरात टाकी सावरली, नवी टोपी आली. मावशीला प्रोबपासून काढून जाळीवर टाकलं. शहरातून येणाऱ्या पाण्यातल्या पिशव्या, चिंध्या, फांद्या त्या लोखंडी जाळीला अडकतात, त्या दाताळ्यानं ओढून काढायच्या. ते जवान माणसाचं काम. आकारामनं मला हळूच सांगितलं की कंत्राटदाराच्या पुढच्या महिन्याच्या यादीत मावशीचं नाव नाही. तिला ते कळलं होतं. ती भांडली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिनं मिशरी सोडली. तीस-पस्तीस वर्षांची सवय, एका दिवसात. डबी ओढ्यात टाकली म्हणे. तिचा चेहरा सुजला, डोकं दुखायचं. डबा उघडायची आणि न जेवता बंद करायची. प्रोब आता मीच धुवायचे, तिच्याच फडक्यानं. तिनं ते घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. माझ्यानं ते काम नीट होईना. बाटलीतल्या तपासणीशी आकडा कधी जुळायचा, कधी नाही.

बाराव्या दिवशी मी जाळीकडे गेले. मावशी नळाखाली बसून बोट घासत होती. राखेनं आणि विटेच्या तुकड्यानं. बोटाची साल निघाली होती, तांबडं मांस दिसत होतं.

"मावशी, काय करताय?"

"डाग जाईना झालाय," ती म्हणाली.

मी तिथून सरळ सरांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. हळद, तेल, कुंकू आणि तो अंगठासुद्धा. मग तेच कागदावर लिहून खाली सही केली. सरांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता खोली हादरणार.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "बारा दिवस लावलेस ते वाईट केलंस." मग त्यांनी कंत्राटदाराला फोन लावून मावशीचं नाव यादीत घालायला सांगितलं, आणि फोन ठेवून मला म्हणाले, "तुझं कायम होणं सहा महिने पुढं गेलं. तक्रार हाय?"

"नाही सर."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, मिटलं. मी जवळजवळ धावत जाळीवर गेले आणि मावशीला सगळं सांगितलं. तिनं दाताळं भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू तिच्याच घरातलं लहान पोर काहीतरी बावळटपणा करून आलंय.

"माझ्यासाठनं लटकं बोलू नगासा म्याडम."

"मावशी, मी खरंच लावली होती हळद."

"हळदीनं कधी कुनाचं वाईट हुतंय व्हय? जखमंला लावत्यात, नवरीला लावत्यात. तमाकूनं हुतंय. माझंच बोट हाय ते. तुमची नोकरी नवी हाय, कशापायी माझं मढं आंगावर घेताय?"

मी शपथा घेतल्या. सरांचं नाव सांगितलं. आकारामला बोलावून त्याच्याकडून सांगवलं. ती हसल्यासारखं करून म्हणाली, "समद्यास्नी माझी दया आलीया. ऱ्हाऊ द्या." काम परत मिळालं तर झाडलोट करीन म्हणाली, पण कांडीला हात लावणार नाही. शेवटपर्यंत नाही. आणि दाताळं उचलून पुन्हा जाळीकडे वळली.

पुरावा मी स्वतःच पुसला होता. त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. एक, माझं खरं बोलणं तिच्या काही उपयोगाचं नव्हतं, कारण ती मला चांगली समजत होती. आणि दुसरी, ही बाई माणसांच्या शब्दावर चालत नाही.

सकाळी प्रकल्पावर जाताना मी पानपट्टीवर थांबून मिशरी मागितली. पानपट्टीवाल्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "घरात कुनासाठनं?" मी पैसे ठेवले आणि पुडी उचलली. पोचल्यावर कपाटातून घासणीच्या काळातली एक जुनी टोपी काढली. कडेला ओरखडे होते, पण तिचा थर शाबूत होता. ती प्रोबला बसवली. करंजाखाली बादली ठेवली, तळाला पाणी, वर ओलं कापड. सगळं मावशीसारखं. मग तिला बोलावलं. ती यायला तयार नव्हती. उदयसिंह सर स्वतः जाळीवर गेले आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "झुंबरबाई, दूध संस्थेत मशीन धुवायला लावलं हुतंसा का न्हाय? मग हितं का भ्यालाय?"

ती आली. लांब उभी राहिली, हात पाठीमागे.

आधी मी स्वच्छ टोपी ओल्या हवेत ठेवली. घाम वाळू दिला. बटण दाबलं. आकडा शंभर.

"वाचा मावशी."

"शंभर."

मग मी मिशरीची पुडी उघडून तिच्यापुढे धरली. वास तिच्यापर्यंत पोचला आणि तिच्या नाकपुड्या हलल्या, तेवढ्यावरनं मला कळलं की हे दिवस तिनं कसे काढले असतील. "आता बोट लावा. तोंडाला नाही, टोपीला."

"न्हाय."

"मावशी, लावा."

"न्हाय म्हनतो न्हवं! एकदा मारलं तेवढं रगड झालं." आकाराम दुसरीकडे बघायला लागला.

"ही टोपी टाकीत जाणार नाही," मी म्हणाले. "बादलीत कुणी जीव नाही. फक्त आकडा आहे."

तिनं बादलीत डोकावून बघितलं. मग खाली बसली, सोललेलं बोट मिशरीत बुडवलं, तिला ते चांगलंच झोंबलं असणार, आणि टोपीवर फिरवलं. टोपी तपकिरी झाली. मी दोन मिनिटं तशीच ठेवली. मग फडकं तिच्याच हातात दिलं. तिनं पाण्याची धार धरून टोपी पुसली, थेंब टिपला. पुसणं तेच होतं, ज्याच्यासारखं मला बारा दिवसांत एकदाही जमलं नव्हतं. टोपी पुन्हा काळीभोर निघाली.

बादलीत टांगली. घाम वाळू दिला. आकडा वरखाली झाला, नव्वदच्या घरात गेला, वर आला, आणि थांबला.

मी वाचलं नाही. तिनं पुढे वाकून वाचलं.

"शंभर."

"आता माझं," मी म्हणाले. वाटीत हळद तेलात कालवून आणली होती. खंडेनवमीला ओढली तशीच दोन बोटांनी टोपीवर ओढली. दोन मिनिटं थांबले. तिनंच धुतली, तितक्याच मायेनं, दोनदा, तीनदा. पिवळा डाग जागचा हलला नाही. हळद निळ्या उजेडात स्वतःच चमकते; टोपीच्या उत्तरात आपलं उत्तर घुसडते आणि मीटरला वाटतं ऑक्सिजन रग्गड आहे. हे मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं.

आकडा एकशे दहा झाला. एकशे चाळीस. एकशे नव्वदच्या पुढे गेला तेव्हा मावशीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

तिनं मीटरकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, मग स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं. उलटं करून, सुलटं करून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

"म्हंजी ह्येनं न्हाय झालं," ती म्हणाली.

"नाही मावशी. माझ्यानं झालं."

"आनी तुमाला ठावं हुतं."

"होतं."

"पैल्या दिसापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं ती शिव्या देईल. तिच्या शिव्या मी ऐकल्या होत्या, भक्कम असतात. ती हळू आवाजात बोलली, आणि म्हणून ते प्रत्येक अक्षर मला लागलं.

"मला काढलं आसतं तर काय न्हवतं. घरात म्हशी हायत्या, कुनाच्या बापाला भीत न्हाय मी. पर येवढी जितराबं माझ्या बोटानं गुदमरून मेली, ही घिऊन मरायला लागलं आसतं की वो मला."

मी तिच्या पायांशी वाकले. तिनं पाय मागे घेतले आणि उठून गेली.

त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. प्रोब तिच्याकडे परत आला, मंगळवारी तिनं तो धुतला, बटण दाबायला मात्र आकारामला हाक मारली. मी खिडकीतून बघत राहिले. दुपारी बाटलीत नमुना घेऊन तपासला तर तिचा आकडा आणि माझा आकडा तंतोतंत जुळला. मी ते तिला सांगायला गेले, तर ती खराटा घेऊन पलीकडे निघून गेली. मला राग आला नाही. मी असते तर आठवडाभरात बोलले नसते.

शनिवारी सकाळी मी प्रयोगशाळेत बाटल्या धूत होते. दारात सावली पडली.

"म्याडम, या भाईर."

करंजाखाली बादली मांडलेली होती. तिनं प्रोब माझ्या हातात दिला. टोपीवर चार दिवसांचा चिकटा होता.

"मागं जाळीवरनं बघितलं मी तुमी कांडी धुताना," ती म्हणाली. "रागानं पुसत हुतासा. स्वताचा राग त्येच्यावर काढत हुतासा. त्या दिसापास्नं आसंच चाललं हुतं तुमचं." मग थोडं थांबून, "मी न्हाय काय जल्माला पुरायची. शिका."

तिनं ओलं फडकं माझ्या बोटांवर गुंडाळलं आणि वरून आपला हात ठेवला. तिचं सोललेलं बोट भरत आलं होतं, नवी कातडी गुलाबी दिसत होती. तिनं माझा हात टोपीवरून फिरवला. दाब इतका कमी होता की मला वाटलं, फडकं टेकलंच नाही. खाली बघितलं तर चिकटा सुटून येत होता.

"हां. आसं," ती म्हणाली. "आता तुमचं तुमी." आणि तिनं आपला हात काढून घेतला.